पावसात गाडीच्या आत पाणी: आधी शोधायचं, मग बुजवायचं

जून लागला की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. पायाखालचं मॅटिंग ओलं, गाडीत कुबट वास, सकाळी काचा आतून धुरकट. आणि तक्रार करणाऱ्याने बहुतेक वेळा उपायही करून टाकलेला असतो: पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉनची अख्खी ट्यूब फिरवलेली असते. पाणी मात्र येतच असतं.

चूक क्रमाची आहे. माणसं आधी बुजवतात आणि मग शोधायला लागतात. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांग्याकडे त्याहूनही जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एकदा भिजलेला गाडीचा फोम या दिवसांत आपोआप सुकत नाही. चुकीच्या जागी केलेली एक दुरुस्ती म्हणजे आणखी एक महिना ओल, बुरशी आणि खालच्या पत्र्याला गंज.

माझ्याच गाडीचं सांगतो. मागच्या उजव्या सीटच्या पायाखाली पाणी साचायचं. एका गॅरेजमध्ये मागच्या दाराचं रबर बदललं, पुढच्या वर्षी दुसरीकडे मागच्या काचेला सीलंट लावलं. दोन पावसाळे गेले. शेवटी मॅटिंग उचलून, गाडी त्याच चढावर लावून तपासली तेव्हा कळलं की पाणी पुढच्या दारातून येत होतं. स्पीकर बसवताना दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला होता. घरासमोर चढ असल्यामुळे गाडी नेहमी नाक वर करून उभी, म्हणून पुढचं पाणी फोमखालून मागे वाहत यायचं. दोन्ही दुरुस्त्या नीट केलेल्या होत्या, पण जागा चुकीची होती.

सुरू करण्याआधी दोन अपवाद. रस्त्यावरच्या किंवा पुराच्या पाण्यात गाडी बुडून आत पाणी शिरलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. अशी गाडी स्टार्ट करू नका. टो करून न्या आणि विमा कंपनीला लगेच कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडू नका. पाणी येतानाचा व्हिडिओ काढा, ओल्या जागेचे फोटो तारखेसकट ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा.

## तयारी

सामान फार लागत नाही. टॉर्च, टिश्यू पेपर, जुनी वर्तमानपत्रं, टाल्कम पावडर, मास्किंग टेप, स्क्रूड्रायव्हर, १० नंबरचा पाना, ट्रिम (आतली प्लास्टिकची आवरणं) काढायची प्लास्टिकची पट्टी, बागेचा साधा पाइप आणि गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची दोरी, साधारण २ मिलिमीटर जाडीची. प्लास्टिकची पट्टी टाळू नका. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालून ट्रिम उचकटली की क्लिपा तुटतात, रंग खरवडतो आणि पुढच्या वर्षी तिथेच गंज धरतो.

जागा छपराखालची हवी. चाचणी चालू असताना पावसाची सर आली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. एक माणूस सोबत घ्या, कारण पाइप धरणारा बाहेर आणि टॉर्च धरणारा आत, असे दोघे असल्याशिवाय पायरी ४ होत नाही.

मग बसून एका प्रश्नाचं उत्तर आठवा: पाणी यायला लागलं त्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? काच बदलली होती का? स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा, मोठा हॉर्न, फॉग लॅम्प बसवले होते का? पॉवर विंडो दुरुस्त केली होती का? डेंटिंग-पेंटिंग झालं होतं का, छपरावर कॅरिअर बसवला होता का? जिथे हात लागला तिथूनच शोध सुरू करायचा.

## पायरी १: हे पाणी कसलं आहे ते ठरवा

टिश्यू पेपर ओल्या जागी दाबा, रंग पाहा, वास घ्या.

स्वच्छ, बिनवासाचं पाणी पाऊस नसतानाही येतंय, फक्त डाव्या पुढच्या सीटच्या पायाखाली आणि एसी लावल्यावरच? मग ते पावसाचं नाही, एसीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत एसीचा थंड होणारा भाग डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्याचा उपाय पायरी ३ मध्ये, एसीच्या नळीत आहे.

पाणी हिरवट, गुलाबी किंवा निळसर, बोटाला बुळबुळीत आणि वास गोडसर असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव आहे. पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल तर हीटर कोर (गाडीच्या हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय याची जवळजवळ खात्री. हे घरी करायचं काम नाही. कूलंटच्या टाकीची पातळी इंजिन गार असतानाच पाहा आणि गाडी मेकॅनिककडे न्या. कूलंट विषारी आहे, घरातल्या कुत्र्या-मांजरांना ते चाटू देऊ नका.

पाणी गढूळ आणि पाऊस पडल्यावरच येत असेल तर पुढे वाचा.

सावधान: गरम इंजिनावर रेडिएटरचं किंवा कूलंटचं झाकण कधीही उघडू नका.

## पायरी २: मॅटिंग उचला

वरचं कार्पेट हाताला कोरडं लागलं म्हणून फसू नका. खाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोम किंवा नमदा असतो आणि तो स्पंजासारखा कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो. वरून मूठ जोरात दाबा आणि कान द्या. 'पचक' आवाज आला की खाली पाणी आहे.

नवी गाडी घेतल्यावर अनेकजण तळाला विनाइलचं लॅमिनेशन किंवा सगळीकडून बंद अशा जाड मॅट बसवून घेतात. चिखल आत जात नाही हे खरं, पण खालची ओलही बाहेर पडत नाही. अशा मॅट असतील तर त्या आधी पूर्ण काढा.

नंतर दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी काढा. ती सरळ वर ओढली की निघते. कार्पेटची कड सोडवा आणि मुळापर्यंत उचला. पत्र्यावर पाण्याचा माग दिसतो: तांबड्या मातीची बारीक रेघ, गंजाचा डाग, पांढरट कड. हा माग उलट दिशेने, वरच्या बाजूला शोधत जा. पाणी कधीही खालून वर गेलेलं नसतं. जिथे रेघ सुरू होते, दोषी जागा तिथे किंवा तिच्याही वर असते.

सावधान: सीटखाली आणि गिअरच्या कन्सोलखाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसतील. त्या एअरबॅगच्या आहेत. सीट काढायची असेल तर इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, १० मिनिटं थांबा आणि मगच कनेक्टरला हात लावा. कनेक्टर सुटलेला असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना अजिबात हात लावायचा नाही.

आता तळ पूर्ण पुसून कोरडा करा. ओल्या तळावर चाचणी केली तर नवं पाणी कोणतं आणि जुनं कोणतं हे कळणार नाही. ही पायरी गाळली म्हणूनच निम्म्याहून अधिक शोध फसतात असं माझं मत आहे.

## पायरी ३: तुंबलेल्या वाटा मोकळ्या करा

गाडीत पाणी शिरू नये अशी तिची रचना नाही. पाणी ठरलेल्या जागी आत घ्यायचं आणि ठरलेल्या वाटेने बाहेर सोडायचं, अशी ती रचना आहे. त्या वाटा तुंबल्या की पाणी केबिनमध्ये उतरतं. म्हणून आणखी काही खोलण्याआधी सफाई. यातच अनेक गाड्या बऱ्या होतात आणि खर्च जवळपास शून्य.

काचेखालची पन्हळ. बोनेट उघडल्यावर पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली काळी प्लास्टिकची जाळी असते. तिच्याखाली पन्हळ आहे आणि काचेवरचं सगळं पाणी तिथे येतं. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांच्या इथे पातेरा साचतो, पण मोठी पानं निदान जाळीवर अडतात. खरा त्रास गुलमोहोराचा. त्याची बारीक पानं जाळीतून आत जातात, कुजून लगदा होतात आणि दोन्ही टोकांची भोकं बंद करतात. किनाऱ्यालगत तेच काम सुरूच्या झाडाच्या सुया करतात. मग पन्हळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट आत येतं. वायपर आणि जाळी काढून हाताने कचरा उचला. पाण्याने ढकलू नका, तो भोकातच जाऊन बसतो. शेवटी एक मग पाणी ओता.

तपासा: ओतलेलं पाणी चाकाच्या मागच्या बाजूने लगेच खाली पडलं पाहिजे. केबिनचा एअर फिल्टर काढून पाहा. तो ओला किंवा मातकट असेल तर पन्हळ भरत होती हे नक्की.

एसीची नळी. गोव्याच्या दमट हवेत एसी लावून १५-२० मिनिटं उभी ठेवलेल्या गाडीखाली पाण्याचं चांगलं थारोळं दिसलंच पाहिजे. खाली थेंब नाही आणि डाव्या सीटच्या पायाखाली ओल, तर नळी तुंबली. आत धूळ आणि शेवाळ असतं, कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. खालच्या तोंडाला वेट-ड्राय व्हॅक्यूम लावून ओढून घेणं सगळ्यांत सुरक्षित. नाहीतर मऊ नायलॉन दोरी हलक्या हाताने घाला. तार घुसवू नका, आतला थंड कॉइल फुटला तर गॅस जातो आणि बिल मोठं होतं.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, नाहीतर वॉशिंग रॅम्पवर करा.

दारांची भोकं. दाराच्या अगदी खालच्या कडेला दोन-तीन चिरा असतात. तांबडी धूळ आणि पॉलिशने त्या लिंपल्या जातात. दार उघडबंद करताना आतून खळखळ ऐकू आली तर दारात पाणी भरलंय. बांबूची काडी घालून चिरा मोकळ्या करा. अंगावर पाणी उडेल, बाजूला उभे राहा.

सनरूफ. सनरूफभोवती पन्हळ असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या छत तोलणाऱ्या खांबांमधून खाली उतरतात. सनरूफ उघडा आणि प्रत्येक कोपऱ्यात हळूहळू एक पेला पाणी ओता. पुढच्या नळ्यांचं पाणी साधारणपणे पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकाच्या कमानीत बाहेर येतं, मागच्यांचं मागच्या चाकाच्या आसपास. पाणी तुंबून राहिलं तर नायलॉन दोरीचं टोक मेणबत्तीवर किंचित वितळवून गोल करा आणि फिरवत फिरवत आत घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जोरामुळे नळी आतल्या सांध्यातून निसटते आणि मग छत उतरवण्यावाचून इलाज राहत नाही.

## पायरी ४: पाइपने चाचणी

सफाई झाली, तळ कोरडा आहे, तरी शंका आहे? आता पाण्याची चाचणी. हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि इथेच सगळ्यांत जास्त घाई होते.

प्रेशर वॉशर वापरू नका. त्याचा मारा चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो आणि नसलेली गळती दाखवतो. बागेचा पाइप, नोझल न लावता, पावसासारखं पाणी वाहील इतपत सोडा.

आधी पाण्याशिवायच्या दोन परीक्षा करून घ्या. दाराच्या चौकटीवर टाल्कम पावडर लावा, दार बंद करून उघडा. रबरावर पावडरची रेघ सलग उमटली पाहिजे; जिथे तुटली तिथे रबर टेकत नाही. दुसरी: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे, सहज निसटली तर ती जागा टेपने खूण करून ठेवा.

मग पाणी, या क्रमाने:

१. आतल्या माणसाने टॉर्च घेऊन उघड्या पत्र्यावर नजर ठेवायची. कोपऱ्याकोपऱ्यांत कोरडा टिश्यू अंथरायचा. सगळ्या काचा वर, ब्लोअर बंद.

२. पाणी खालून सुरू करा. आधी उंबरा आणि दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची खाच, मग पुढच्या काचेचा पायथा, मग काचेच्या बाजू, शेवटी छप्पर. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळत नाही.

३. प्रत्येक जागेला पूर्ण १० मिनिटं द्या. काही गळती पन्हळ भरल्यावरच सुरू होते. दोन मिनिटांत पाइप हलवणाऱ्याला ती सापडत नाही.

४. टिश्यू ओला झाला की लगेच पाणी थांबवा, वेळ आणि जागा लिहून ठेवा. संशयित फट मास्किंग टेपने झाका, आत पुसून घ्या आणि तिथेच पुन्हा १० मिनिटं पाणी सोडा. टेप लावल्यावर थांबलं तर जागा सापडली.

५. एक गळती सापडली म्हणून चाचणी सोडू नका. जुन्या गाडीत दोन असणं नवलाचं नाही.

काहीच सापडलं नाही तर गाडीचा कल बदला. घराजवळच्या चढावर लावता त्याच दिशेने, पुढची चाकं उंच करून पुन्हा करा. माझी गळती अशीच सापडली.

पाणी दिसत नाही पण शंका जात नाही, अशा वेळी हवा वापरा. ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवा, सगळी दारं-काचा बंद करा आणि बाहेरून काचेच्या कडांना व रबरांना साबणाचं पाणी फवारा. आतली हवा जिथून निसटते तिथे बुडबुडे येतात. डिकीच्या बाजूला, बम्परच्या मागे, हवा बाहेर जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या झडपा असतात. तिथून हवा येणं हा दोष नाही.

## पायरी ५: जागेनुसार दुरुस्ती

दाराचा आतला पडदा. मला सर्वाधिक वेळा आढळलेला दोष हा, म्हणून सविस्तर सांगतो. काचेच्या खाचेतून दाराच्या पोटात पाणी जाणं नॉर्मल आहे. ते खालच्या चिरांतून बाहेर पडतं. ते केबिनकडे येऊ नये म्हणून ट्रिमच्या मागे प्लास्टिकचा किंवा पातळ फोमचा पडदा काळ्या चिकट ब्यूटाइलने चिकटवलेला असतो. पॉवर विंडो किंवा स्पीकरचं काम करताना तो ओढून काढतात आणि परत नुसता टेकवून ठेवतात.

हँडलमागचे आणि आर्मरेस्टमधले लपलेले स्क्रू काढा, खालून क्लिपा सोडवा, ट्रिम वर उचलून बाहेर घ्या आणि स्विचचे कनेक्टर सोडा. आता ट्रिमशिवाय काचेच्या खाचेत मगाने पाणी ओता आणि पाहत राहा. ते पडद्याच्या कोणत्या कडेने बाहेर येतं ते डोळ्यांसमोर दिसेल.

पडदा फाटला असेल तर जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून घ्या. जुना ब्यूटाइल पूर्ण काढा, पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या. नवी ब्यूटाइलची दोरी न तुटता सलग लावा, विशेषतः खालच्या दोन्ही कोपऱ्यांत. हेअर ड्रायरने थोडं गरम करून बोटाने दाबत जा. पडद्याची खालची कड दाराच्या आत, खाचेत वळली पाहिजे, म्हणजे पडद्यावरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटातच पडेल. ती कड बाहेर राहिली तर बाकी सगळं नीट करूनही पाणी उंबऱ्यावर येतं. खाकी टेप, डबल टेप, फेव्हिकॉल यांतलं काहीही इथल्या ओलीत टिकत नाही.

तपासा: ट्रिम बसवण्याआधी पुन्हा मगाने पाणी ओता. सगळं पाणी खालच्या चिरांतूनच बाहेर आलं पाहिजे. स्पीकर दारात असेल तर त्याच्या कडेच्या फोमच्या रिंगवरही नजर ठेवा.

दाराचं रबर. दबलेलं, चिरलेलं असेल तर बदला आणि गाडीच्या मॉडेलचंच घ्या. नुसतं मातीने माखलं असेल तर साबणाने धुऊन सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात द्या. रबर चांगलं असून कागदाची पट्टी निसटत असेल तर दार खाली आलंय, बिजागरी किंवा लॉकची सेटिंग करून घ्या.

वायरी जाणारी भोकं. इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून वायरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून जातात. हॉर्न-फॉग लॅम्प बसवणारा घाईत ग्रोमेट कापून वायर घालतो. उजव्या पुढच्या सीटच्या पायाखालचं पाणी बऱ्याचदा इथलं असतं. योग्य मापाचं नवं ग्रोमेट बसवा आणि भोकाआधी वायरीला खाली झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारा थेंब खाली गळून पडेल, आत येणार नाही.

डिकी. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर एका माणसाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून पाणी सोडा. डिकी आतून उघडता येत नसेल तर मागची सीट पाडून ठेवा, माणूस कोंडू नका. मागच्या दिव्यांची गॅस्केट पहिली संशयित. दिवा काढा, जागा पुसा, नवी गॅस्केट किंवा ब्यूटाइल लावा, नट सारखे आवळा. जास्त आवळले तर प्लास्टिक तडकतं. हॅचबॅकमध्ये मागच्या वायपरच्या पाण्याची नळी तपासायला विसरू नका. ती सांध्यात सुटली की वायपरचं पाणी छतात किंवा डिकीत जातं आणि माणूस पावसाला दोष देत बसतो.

छप्पर. छताचं कापड ओलं असेल तर अँटेनाचा पाया, रूफ रेलचे स्क्रू, सनरूफ, या क्रमाने पाहा. अँटेनाखालचं रबर वाळून कडक झालं की बदलायचं, दहा मिनिटांचं काम. पुढच्या खांबाची ट्रिम स्वतः ओढू नका, अनेक गाड्यांत तिच्यामागे पडदा एअरबॅग असते.

पुढची काच. चाचणीत काचच सापडली तर ती काढून पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि तो काच बसवणाऱ्याकडेच. काच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने चिकटवलेली असते आणि गाडीच्या मजबुतीत, एअरबॅगला आधार देण्यात तिचा वाटा असतो. वरून सिलिकॉन फासलंत तर दोन नुकसानं होतात. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, त्याने पत्र्याला गंज लागतो. आणि सिलिकॉनच्या अवशेषांवर पुढे पीयू नीट धरत नाही, म्हणजे बसवणाऱ्यालाही काम अवघड. काच काढल्यावर चौकटीला गंज दिसला तर आधी तो घासून प्रायमर लावल्याशिवाय काच बसवू देऊ नका. नंतर गाडी किती तास हलवायची नाही ते सीलंटवर लिहिलेलं असतं. ते विचारा आणि पाळा.

## पायरी ६: तीच चाचणी पुन्हा

दुरुस्तीनंतर पायरी ४ जशीच्या तशी करा: तोच पाइप, तीच जागा, तेवढीच १० मिनिटं, तोच कल. सीलंट लावलं असेल तर ते पूर्ण सुकल्यावर. एका वेळी एकच दुरुस्ती करून चाचणी घ्या. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने थांबलं ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी परत आलं तर हाती धागा राहत नाही.

## पायरी ७: सुकवणं

गळती बंद झाली पण फोम ओला राहिला, तर वास आणि बुरशी राहणारच. काचा खाली करून गाडी उभी ठेवल्याने जुलैत काहीही सुकत नाही, कारण बाहेरची हवाच ओली असते.

आधी व्हॅक्यूमने निघेल तेवढं पाणी ओढा. फोम सुटा होत असेल तर काढून घरात आणा, उभा करून ठेवा आणि फॅन लावा. घरात एसी असलेली खोली असेल तर तिथेच ठेवा, एसी हवेतली ओल काढतो. फोम कार्पेटला चिकटलेला असेल तर कार्पेट विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलून दोन्ही बाजूंनी फॅन फिरवा. दोन ते चार दिवस लागतात. कुजून वास धरलेला नमदा वाचवायच्या मागे लागू नका, नवा टाका.

सावधान: गाडीचा एसी चालवून सुकवायचं असेल तर गाडी मोकळ्यावर आणा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो.

बुरशी धरलेल्या जागा मास्क लावून पुसा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा पांढरं व्हिनेगर चालतं, आधी लपलेल्या कोपऱ्यावर लावून रंग जात नाही ना ते पाहा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. अत्तराच्या बाटल्या लटकवून वास झाकू नका. वास परत आला हीच पुढच्या गळतीची पहिली खूण असते, ती तुम्हाला कळायला हवी.

तळाच्या पत्र्यावर गंज असेल तर घासा, रस्ट कन्व्हर्टर लावा, सुकल्यावर प्रायमर आणि रंग. तळाला रबराची बुचं असतात. पाणी काढायला ती उघडली असतील तर कडेला सीलंट लावून परत घट्ट बसवा, नाहीतर रस्त्यावरचं पाणी खालून येईल.

कार्पेटखालच्या कनेक्टरकडेही पाहा. पिनांवर हिरवट थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवा. पिवळ्या कनेक्टरांचं काम मात्र सर्व्हिस सेंटरकडे सोडा.

## पायरी ८: बसवणं

लगेच सगळं बसवू नका. कार्पेट अंथरा. सीट काढली असेल तर ती बसवून बोल्ट पूर्ण आवळा, कनेक्टर सगळे लागल्याची खात्री करून मग बॅटरीची तार जोडा. इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का पाहा. उंबऱ्याच्या पट्ट्या आणि लॅमिनेशन मात्र बाजूला ठेवा. कार्पेटखाली चारही सीटच्या पायाशी आणि स्टेपनीच्या खड्ड्यात वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि दोन-तीन मोठे पाऊस होऊ द्या, गाडी रोजच्यासारखी वापरा. चवथीला गावी जायची घाई असली तरी हे थांबणं चुकवू नका.

प्रत्येक पावसानंतर कागद काढून पाहा. सगळे कुरकुरीत कोरडे असतील तर पट्ट्या दाबून बसवा. इग्निशन चालू करून एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझतो का पाहा. एक जरी कागद ओला निघाला तर कोणता, किती आणि गाडी कोणत्या कलावर उभी होती ते लिहा आणि पायरी ४ पासून त्याच कोपऱ्याला पुन्हा सुरुवात करा.

पुढच्या वर्षीसाठी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक तास काढा: काचेखालची पन्हळ, दारांच्या चिरा, सनरूफचे कोपरे, एसीची नळी. गाडी गुलमोहोराखाली राहत असेल तर जुलैच्या मध्यावर पन्हळ आणखी एकदा.